भज्यांचं निमित्त

लातुरात माझं कराचं काम बघणारे कारकून प्रत्येक वाक्याआधी ‘हाव, ऐका’ म्हणतात. मी देगलूरचा, नववीत शाळा सोडलेला. ऑफिसात गेलो की घाम फुटतो. त्यात आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर मल जमा व्हायची कायमची पिशवी लागली. अपंगत्वाच्या दाखल्यावर करात सूट मिळते, म्हणून गेलो. भरल्या खोलीत पिशवीतून वायूचा मोठा आवाज झाला. माना वळल्या. सूट नको, काही नको, म्हणून मी उठलो.

“हाव, ऐका, माझंच पोट गुरगुरून राहिलंय,” कारकून मोठ्यानं म्हणाले. “सकाळी भजी लई झाली.”

“काका, वय बघा जरा!” कुणीतरी हसलं.

तेही हसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “हाव, ऐका भाऊ, बसा. दाखला द्या इकडं.”

मी बसलो.