काकांचं मुलुंडचं तिकीट

आमच्या बिल्डिंगमधले एक काका दर रविवारी घरूनच मोबाइलवर मुलुंडचं तिकीट काढायचे आणि ते छापून घ्यायला बोरिवली स्टेशनवरच्या मशीनपाशी यायचे. मशीनशी अदबीने बोलायचे, "हं, बुकिंगचा नंबर टाकला. बघा जरा." पण मागे कोणी आलं की लगेच बाजूला व्हायचे. "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही."

शेवटी एका रविवारी मशीनपाशीच मी विचारलं, "काका, नक्की जायचंय ना?"

"मुलुंडला धाकटा भाऊ असतो माझा. आईच्या वर्षश्राद्धाला वाजलं आमचं, तेव्हापासून बोलणं बंद. मोबाइलवर आहे तोवर तिकीट रद्द करता येतं रे. एकदा छापलं की वाट लागली."

"म्हणजे दर रविवारी रद्दच करता?"

काकांनी मशीनवर नंबर टाकला. मग म्हणाले, "आज तू दाब ना बटण."

मी दाबलं. बाहेर आलेलं तिकीट त्यांनी गरम भजी धरावी तसं दोन बोटांत धरलं आणि जिना चढून गेले.

संध्याकाळी लिफ्टपाशी भेटले. "काय झालं?" मी विचारलं.

"भांडण," काका म्हणाले. "पण आधी जेवलो. आता पुढच्या रविवारी तो येतोय, उरलेलं भांडायला."