शेजारची बरणी

सगळे त्यांना बगळेकाका म्हणत, आणि त्यात म्हणणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. काटकुळे लांब पाय, पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली, डोक्यावर पांढरी टोपी, आणि तासन्‌तास पाण्यात उभं राहणं. घरोघरच्या विजेच्या मीटरचे आकडे लिहून घेण्यात त्यांची उभी नोकरी सरली, आणि सुटीचा एकूण एक दिवस गेला तळ्यात. एकोणीस वर्षं! तळं वस्तीच्या मागचं, चारी बाजूंनी इमारतींनी घेरलेलं. त्यात जलपर्णी माजायची. काका ती मुळासकट ओढून काठावर टाकायचे. पंधरा दिवसांत ती पुन्हा तेवढीच, आणि काका पुन्हा पाण्यात. "अहो, ही कधी संपणार आहे का?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तुमच्या घरची खरकटी भांडी संपतात का हो?" विचारणारा गपगुमान चालू लागायचा.

सुरुवातीला त्यांच्या तळे बचाव मंडळात सतरा जण होते. मग कुणाची कंबर धरली, कुणाची बदली झाली, कुणाला नातवंडांनी अडकवलं. उरले तिघं, आणि त्यातले दोघं काठावर उभं राहून सल्ले द्यायचे. सल्ल्यांची कधी टंचाई नसते.

यंदा मात्र पाणी डोक्यावरून गेलं होतं. नगरपालिकेचं पत्र आलं: वर्षअखेरपर्यंत जलपर्णी निघाली नाही, तर तळं निकामी समजून बुजवण्यात येईल आणि तिथे गाड्या लावायची जागा होईल. हातांनी आता भागणार नव्हतं. पर्णी कापणारी यंत्राची होडी आणायला हवी होती, आणि तिचं भाडं ऐकूनच सल्ले देणाऱ्या दोघांनी खाली बसून घेतलं होतं.

तेवढ्यात बातमी आणली काकांच्या लेकीनेच. ती औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीत माल तपासायच्या खात्यात होती. कंपनी दरवर्षी एका संस्थेला मोठी देणगी द्यायची, आणि कुणाला द्यायची ते कामगार ठरवायचे. "अर्ज करून बघा, बाबा," एवढंच ती म्हणाली. काकांनी अर्ज केला आणि निवडलेल्या तीन नावांत तळ्याचं नाव आलं. दुसरी होती मुलांची अभ्यासिका. तिसरं, ज्यांच्या आजारावर आता उपाय उरलेला नाही अशा रुग्णांचं शुश्रूषागृह. त्या घराचं नाव वाचून काकांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको तिथेच गेली होती.

लेकीजवळ त्यांनी मत मागितलं नाही. घरचं मत, ते काय मागायचं! मंडळात मात्र सांगून टाकलं, "एक मत तर खिशातच आहे."

मतदानाची पद्धतही काय, बघण्यासारखी. कंपनीच्या जेवणाच्या हॉलमध्ये लांब टेबलावर काचेच्या तीन मोठ्या बरण्या. प्रत्येक कामगाराला एक हिरवा लाकडी मणी. रांगेने यायचं आणि आवडेल त्या बरणीत टाकायचा. बरणीमागे संस्थेचा माणूस उभा. त्याने मागायचं काही नाही, पडलेल्या मण्याला फक्त "आभारी आहे" म्हणायचं. आता हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे! चिठ्ठी टाकली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण चिठ्ठ्यांचा फोटो चांगला येत नाही. फोटोवाला टेबलाभोवती घिरट्या घालत होता, आणि काकांच्या अंगावर कंपनीने दिलेला, झाडाचं चित्र असलेला ढगळ टी-शर्ट होता.

काकांच्या बरणीत मणी पडत होते. बरे पडत होते. काका प्रत्येकाला वाकून आभारी आहे म्हणत होते आणि रांगेत लेक कुठवर आली ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. ती आली. बापासमोर थांबली. काका हसले, "आभारी आहे" त्यांच्या ओठांवर तयार होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं, आणि एक पाऊल बाजूला सरकून मणी शेजारच्या बरणीत टाकला.

"आभारी आहे, बाळ," शुश्रूषागृहाची परिचारिका म्हणाली.

पुढच्या चार-पाच जणांना काका काय म्हणाले ते त्यांनाही आठवत नाही. निकाल लागला. शुश्रूषागृह जिंकलं, तेही तब्बल साठ मण्यांनी. म्हणजे लेकीच्या एका मण्याने काही बुडालं नव्हतं. काकांना हे कळत होतं. एकोणीस वर्षांचं तळं गेलं होतं, आणि मनात मात्र तो एकच मणी सलत होता.

बाहेर गाड्यांपाशी लेक वाट बघत उभी होती. काकांनी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"आई तिथे अठरा दिवस होती, बाबा. रोज संध्याकाळी मला खुर्चीवर कोरडा टॉवेल घडी करून ठेवायला लावायची. 'ते तळ्यातून तसेच ओले येतील,' म्हणायची. दारात जराशी चाहूल लागली की मान वळवायची. अठरा दिवसांत तुम्ही दोनदा आलात."

"अगं, तेव्हा पर्णी फुलावर आली होती. बी पडलं असतं तर पुढच्या वर्षी..." काका बोलता बोलता थांबले. दोन वर्षं हेच त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. आज त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

खरं कारण वेगळंच होतं. शुश्रूषागृहात पहिल्या दिवशी त्यांनी खाटेवरचा बायकोचा हात हातात घेतला होता. त्यात काही उरलंच नव्हतं, आणि त्यांनी तो सोडून दिला होता. पाण्यात उतरलं की निदान हातांना काम असायचं.

"मी घाबरलो होतो गं," ते म्हणाले.

"तीही घाबरली होती, बाबा."

एवढं बोलून ती रडायला लागली. काकांना तिला जवळ घ्यायचं होतं. पण ते तसेच उभे राहिले, हात लोंबकळत. शेवटी तिनेच डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, घरी जाऊ."

वर्ष सरलं आणि मुरुमाचे ट्रक आले. पहिल्या दिवशी काका काठावर उभे होते. दुसऱ्या दिवशी ट्रक मागे घेणारा चालक ओरडला, "काका, बाजूला व्हा, लागेल!" काका बाजूला झाले. पाणबगळे दोन-तीन दिवस येऊन मुरुमावर बसून गेले, मग यायचे बंद झाले. तिसऱ्या दिवसापासून काकाही गेले नाहीत.

त्या तिसऱ्या दिवशीच संध्याकाळी ते शुश्रूषागृहात जाऊन पोचले. परिचारिकेने ओळखलं. "कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही. ज्याच्याकडे कुणी येत नसेल, त्याच्याजवळ जरा बसेन म्हणतो."

तिने त्यांना कोपऱ्यातल्या खाटेकडे नेलं. खाट नवी कोरी होती, पायाशी कंपनीच्या नावाची पट्टी. वर एक म्हातारा, डोळे दाराला लावून.

"मुलगा निघालाय," म्हाताऱ्याने त्यांना सांगून टाकलं. "कामाचा फार रगाडा असतो हो त्याला. पण येईल. येईल ना?"

काकांनी परिचारिकेकडे पाहिलं. तिने हलकेच मान हलवली: नाही.

"तो येईपर्यंत मी बसतो," काका म्हणाले. "चालेल ना?"

म्हाताऱ्याने खाटेशेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. काका त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग भिंतीजवळचं स्टूल ओढून त्यावर बसले, खुर्ची रिकामी ठेवून. बाहेर कुणाची तरी पावलं वाजली आणि म्हाताऱ्याने मान वळवली. काकांनी त्याचा हात हातात घेतला आणि यावेळी सोडला नाही. त्यांच्या अंगावरचे कपडे अगदी कोरडे होते.