माहेरपणाची टाकी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरला, शाळेत नववीच्या वर्गावर होते. "ये गं," एवढंच म्हणाली... मला कळलं. मिलिंददादा सकाळची पाळी करून घरी आला, खुर्चीत टेकला आणि तिथेच गेला. महाडच्या त्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. बायका मला धरून बसवत होत्या, मी पुन्हा उठत होते. रडू येईना, हात स्वस्थ राहीनात. कोपऱ्यातल्या लहान टाकीवर जुनी चादर होती, ती मी उचलली. आत मासा. आदल्याच दिवशी दादाने मुंबईहून आणलेला नारिंगी क्लाऊन, परांच्या चिंध्या झालेल्या, शेपूट अर्धी कुरतडलेली. अशी चादर उचलली की दादा हटकून ओरडायचा, "बघू नको गो त्याला." त्या दिवशी मागून कुणी ओरडलं नाही, आणि मग मात्र मला रडू फुटलं.

दादाचे समुद्री मासे ही आमच्याकडे थट्टेचीच बाब होती. नदीकाठचं गाव, समुद्र कुठल्या कुठे, आणि हा पठ्ठ्या पिशवीतलं मीठ पाण्यात कालवून घरात समुद्र करायचा. वरंधची आत्या आली की टाकीसमोर फतकल मारून विचारायची, "दिसायला बरा हाय, पन खायाचा नाय तं ठेवलास कशाला रे?" दादा नुसता हसायचा. औद्योगिक वसाहतीत पाळ्यांची नोकरी, त्यात माणूस मुळात पायाला भिंगरी लावलेला, जेवतानाही दोनदा उठणारा. मीही तशीच. एका माळेचे मणी, असं आई म्हणायची. पण नवा मासा घरी आला की दादा एकदम शांत होई. दुकानात एकाच टाकीत कोंबलेले मासे एकमेकांचे पर फाडतात, राहिलेलं प्रवासात होतं. असा मासा तो मोठ्या टाकीत लगेच सोडत नसे. लहान टाकीत तितकंच खारं पाणी, हवेचा पंप, लपायला पाइपचा तुकडा आणि वरून चादर. रोज थोडं पाणी बदलायचं, थोडं खायला घालायचं आणि बाजूला व्हायचं. औषध घाल की काहीतरी, असं मी म्हणे. तो सांगे, कड तांबूस होऊन पर आखूड व्हायला लागले तर ते कुजतायत, मग औषध. नाहीतर स्वच्छ पाणी हवं आणि कुणाचा त्रास नको, भीती गेली की पर आपले आपण भरतात. या टाकीला तो माहेर म्हणायचा. "माहेरपणाला आलाय," असं आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचा.

सासरी भांडून मी एकदा पिशवी भरून त्याच्याकडे आले होते. त्याने आतल्या खोलीचा पडदा ओढला आणि वहिनीला बजावलं, हिला काही विचारायचं नाही. भाकरी, सुकटीची चटणी आत पोचत होती, प्रश्न एकही नाही. मी आत येरझाऱ्या घालत होते. कुणी काही विचारत कसं नाही म्हणून धुमसत होते. शेवटी भांडायलाच बाहेर आले, तर पेपर खाली ठेवून म्हणतो कसा, "आलीस? बस. चहा टाकतो." मग सगळं मीच सांगितलं.

दादाच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं पांगली. भाऊ गेला की बहिणीचं माहेर सुटतं, असं म्हणतात. जाता जाता दोघी-तिघींनी मला ते ऐकवलंही. ते डोक्यातून जाईना. मी दर रविवारी मासा बघायला म्हणून महाडला जायला लागले. तो मेला तर या दारात यायला काही निमित्तच उरणार नाही, असं मनाने घेतलं होतं. पाणी वहिनी बदलायची. मी नुसती घरभर फिरायची आणि सारखी चादर उचलायची. खुर्ची तिथेच होती, तिच्यात कुणी बसत नव्हतं. एका रविवारी शेपटीच्या कडेला पांढुरकं काहीतरी दिसलं. कुजायला लागलं म्हणून मी औषध आणायला चपला घातल्या, तेवढ्यात वहिनीने दंड धरला. "तांबूस आहे का ते? नीट बघ. काचेसारखं आहे. पालवी फुटली म्हणायचे ते याला..." दोघी टाकीसमोर खाली बसून राहिलो.

गेल्या रविवारी शेपूट पुरती भरली, नव्या भागाचा रंग तेवढा अजून फिका आहे. आम्ही त्याला मगात घेऊन मोठ्या टाकीत सोडलं. दगडाआड गेला, मग हळूच बाहेर आला, आणि मला एकदम काही कामच उरलं नाही. लहान टाकीत आता पाइपचा तुकडा आणि बुडबुडे. पंप बंद करायला मी बटणाकडे हात नेला. वहिनी ओट्याशी पीठ मळत होती. मागे न बघताच म्हणाली,

"चालू राहू दे, रंजना. माहेर काय बंद करतात?"

मी हात मागे घेतला. चादरीची घडी करून टाकीवर ठेवली. पोलादपूरच्या गाडीला अजून वेळ होता. मी दादाच्या खुर्चीत बसले आणि वहिनीने भाकरीला हाक मारली तेव्हाच उठले.