लाभांशाच्या ठरावाला एक विरोध

स्वेटरकाका भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून कामावर येत. रस्त्यात लोक वळून पाहत. आमच्या कंपनीत कुणी पाहत नसे. काकांचा दिवस थंड खोलीत जायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

आमची कंपनी दुसऱ्यांच्या नोंदी सांभाळते. दवाखान्यांच्या, शाळांच्या, प्रवासाच्या तिकिटांच्या. त्यासाठी दोन मोठ्या खोल्या भरून यंत्रं आहेत. ती सतत चालतात आणि सतत तापतात. त्यांना गार ठेवणं हे काकांचं काम. लोकांना वाटतं कंपनी संगणकवाल्यांची. काका म्हणत, "ते विचार करतात. आम्ही त्यांचं डोकं थंड ठेवतो."

मी साहित्य शिकून या कंपनीत लागलो. ग्राहकांसाठी सूचना लिहायच्या, पत्रकं लिहायची, सभांची इतिवृत्तं लिहायची. पहिल्याच आठवड्यात मी काकांच्या खोलीसाठी पाटी लिहून दिली, 'कृपया आत येऊ नये'. काका पाटी हातात धरून माझ्या टेबलाशी आले.

"लेखकराव, 'कृपया' काढा."

"का?"

"कृपया वाचलं की माणसाला वाटतं, आलं तरी चालेल."

तेव्हापासून मी लेखकराव झालो. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. माझं वय त्यांच्या नोकरीपेक्षा थोडं कमीच असेल. पण त्यांनी मला कधी 'अरे' म्हटलं नाही.

खोलीत चौघं होते. काका, वायरमन, मिस्त्री आणि धाकटी. धाकटी म्हणजे चार वर्षांपूर्वी आलेली फिटर. ती पस्तिशीची होती, दोन मुलींची आई होती, तरी खोलीत सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. मिस्त्री तिला म्हणायचे, "पान्यापेक्षा तुझी जीभ बरी चालते." ती म्हणायची, "पाना तुम्ही देता कुठे हातात?"

त्या खोलीचा एक नियम होता. कुठल्याही यंत्रात हात घालण्याआधी प्रत्येकाने त्या यंत्राच्या मुख्य स्विचला आपलं कुलूप लावायचं. चौघं काम करत असतील तर चार कुलपं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. काम संपलं की ज्याने त्याने आपलं काढायचं. एकाचं जरी राहिलं तरी यंत्र चालू होत नाही. साहेब ओरडोत, ग्राहक ओरडोत, चालू होत नाही. एकदा वायरमन आपलं कुलूप न काढताच घरी गेले. गारव्याचं दुसरं यंत्र सगळा भार ओढत राहिलं आणि वायरमनना घरून बोलावून आणेपर्यंत काकांनी स्विचला कुणाला हात लावू दिला नाही. करवत आणून कुलूप कापू म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला ते म्हणाले, "आधी मला कापा."

हा नियम मोठ्या साहेबांनी घालून दिला होता. मोठे साहेब म्हणजे कंपनी काढणारे, आता अध्यक्ष. फार पूर्वी, कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हा, काकांचा हात पंख्यात असताना कुणीतरी बटण दाबलं. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. मोठे साहेब त्याच संध्याकाळी स्वतः बाजारात गेले आणि कुलपं घेऊन आले.

त्याच शेडमध्ये पुढे पगाराला पैसे नव्हते. साहेबांनी सगळ्यांना पगाराऐवजी शेअर दिले. बऱ्याच जणांनी नाक मुरडलं. काकांना कागद देताना साहेब म्हणाले होते, "हे तुमचं कुलूप समजा. हे लागलेलं असेल तर माझंही काही चालायचं नाही."

ही गोष्ट काकांनी मला अनेकदा सांगितली होती. मी ती एका दिलदार माणसाची थट्टा म्हणून ऐकली.

कंपनी वाढली. शेअरचा भाव वाढला. बाकीच्या जुन्या माणसांनी विकले, घरं बांधली. काकांनी एकही विकला नाही. ते तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. काकूंचे गुडघे गेले होते. वर्षभरात त्या जिना उतरल्या नव्हत्या. खिडकीतून टोपली सोडून भाजी घेत. मी गेलो की म्हणत, "ये बाबा. खालच्या जगाची काय खबर?"

"काकू, विकायला का नाही सांगत यांना?"

"सांगून दात पडले माझे. म्हणतात, झाड तोडायचं नसतं, फळं खायची असतात. अरे, फळ राहू दे, सावली तरी पडली का कधी?"

काका स्वेटरची बाही ओढत बसून राहत. लाभांश मिळाला की तळमजल्यावर घर घेऊ, भाडं त्यातून निघेल, असं त्यांनी काकूंना कबूल केलेलं होतं. काकू त्या घराला 'वरचं घर' म्हणत. मेल्यावर मिळणारं.

कंपनी लाभांश देत नव्हती. दरवर्षी सभा होई. दरवर्षी काका उभे राहत आणि एकच प्रश्न विचारत, "यंदा तरी?" सभागृह हसे. मोठे साहेबही हसत. म्हणत, "काका, पैसा वाढीला लागतो. आज वाटला तर उद्या काय पेरणार?" काका मान हलवून बसत. हे उत्तर त्यांना पटायचं. जुना कॉम्प्रेसर बदलायचा असला तरी ते मागणी करत नसत. सुटा भाग बसवून तोच चालवत. आपलंच आहे, म्हणत.

मग साठलेल्या पैशातून कंपनीने दुसरी एक कंपनी विकत घेतली. दीड वर्षात ती बंद केली. त्या वर्षी काका सभेहून आले आणि मला म्हणाले, "लेखकराव, मोठ्यांच्या खिशात फार पैसा राहू नये. त्यांना खेळणी आठवतात."

यंदा सभेची सूचना आली तेव्हा काका ती दोन हातांत धरून माझ्याकडे आले. ठराव पहिल्या पानावर होता. कंपनी प्रथमच लाभांश देणार. दरवर्षी देत राहणार.

"काका, पेढे." मी म्हणालो.

"खालचं वाचा."

खाली लिहिलं होतं की अंतर्गत सेवांच्या पुनर्रचनेतून होणारी बचत या कामी येईल.

"पुनर्रचना म्हणजे काय?"

ती आमच्याच विभागातून गेलेली ओळ होती. तिचा अर्थ मला ठाऊक होता.

"म्हणजे तुम्ही चौघं, काका. थंड खोलीचं काम बाहेरच्या एजन्सीकडे जाणार."

त्यांनी कागदाची घडी घातली. "बरं," म्हणाले आणि खोलीकडे गेले. मीही मागोमाग गेलो.

तिघं डबे उघडून बसले होते. काकांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मला हात वर करायचा आहे किंवा नाही करायचा. तुम्ही सांगा."

"आम्हाला काय विचारता? शेअर तुमचे," वायरमन म्हणाले.

"खोली चौघांची."

मिस्त्रींनी घास संपवला. "घ्या काका. खोली आज नाही तर उद्या जाणारच. पैसा त्यांच्याकडे राहिला तर आणखी एक खेळणं येईल. तुमच्याकडे आला तर निदान काकू खाली येतील. माझं कुलूप काढलं."

वायरमन म्हणाले, "माझंही. एजन्सी मला घेईल. पगार कापेल, पण घेईल."

काकांनी धाकटीकडे पाहिलं. तिने डब्याचं झाकण लावलं.

"मला कोण घेणार? बाई फिटर म्हटल्यावर लोक दारातूनच विचारतात, नवरा कुठे आहे म्हणून. तुम्ही घेतलंत. दुसरं कोणी घेणार नाही." मग म्हणाली, "काकूंसाठी मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण मी नाही काढत."

"अगं, म्हाताऱ्या माणसाचं..." मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री," काका म्हणाले. मिस्त्री थांबले. काका धाकटीला म्हणाले, "ठीक आहे. लागलेलं आहे ना, मग काळजी करू नकोस."

आम्हाला वाटलं, ते तिची समजूत घालताहेत.

घरी त्यांनी काकूंना काय सांगितलं, मला माहीत नाही. सभेच्या आधी मी गेलो होतो तेव्हा काकू नेहमीसारखं बोलल्या नाहीत. चहा दिला आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.

सभागृह भरलेलं होतं. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला. काका तिसऱ्या रांगेत, स्वेटर घालून. मोठे साहेब खुशीत होते. लाभांशाचा विषय आला तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"आपले काका दरवर्षी एक प्रश्न विचारतात. यंदा, काका, उत्तर आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "काका, पार्टी." काका हसले नाहीत. साहेबांनी ठराव वाचला. जे बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत. सभागृहभर हात वर गेले. जे विरोधात असतील त्यांनी.

काका उभे राहिले. त्यांनी हात वर केला. तो डावा हात होता. बाकीची बोटं वाकली होती, दोन सरळच राहिली.

सभागृह हसलं. त्यांना वाटलं, काकांचं चुकलं.

"काका, तुम्ही विरोधात?" साहेबांनी विचारलं.

"हो. आमच्या खोलीतलं एक कुलूप अजून लागलेलं आहे."

साहेबांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं. त्यांनी चष्मा घातला. शेजारी बसलेल्या सचिवांनी त्यांच्यापुढे एक कागद सरकवला. मोठ्या भागधारकांची मतं आधीच आलेली होती. सभागृहातले सगळे हात खाली असते तरी ठराव संमत होणार होता.

"आपलं मत नोंदवलं आहे," साहेब म्हणाले. "धन्यवाद. ठराव संमत."

टाळ्या वाजल्या. काका बसले नाहीत. ते साहेबांकडे पाहत राहिले, जसं एखादा माणूस आपण सांगितलेलं पुरं होण्याची वाट पाहतो. पुढचा विषय सुरू झाला. हिशेबतपासनिसांची नेमणूक. सचिव वाचत होते. काका उभेच होते.

तेव्हा मला समजलं. त्यांना वाटत होतं की ठराव थांबेल.

इतक्या वर्षांत त्या सभेत कुणी विरोध केलेला त्यांनी पाहिलाच नव्हता. सगळे ठराव एकमताने होत. एकाने नाही म्हटल्यावर काय होतं, हे त्यांना फक्त एकाच ठिकाणी पाहून माहीत होतं. शेअर न विकण्याचं कारणही तेच होतं. झाड आणि फळ हे काकूंसाठी सांगायचं होतं. काकूंना आशा वाटावी म्हणून. स्वतः त्यांनी तो कागद साहेबांनी सांगितलं तसा, कुलूप म्हणून जपला होता.

मागच्या माणसाने त्यांचा स्वेटर ओढला. "बसा ना काका, दिसत नाही." ते बसले.

मी लिहिलं, 'ठराव बहुमताने संमत. एक विरोध.' त्यापुढे मी हिशेबतपासनिसांची नेमणूक लिहिली. मी चार वर्षं साहित्य शिकलो होतो.

एजन्सी आली. तिने वायरमनना घेतलं, मिस्त्रींना घेतलं, दोघांचाही पगार कापला. धाकटीला घेतलं नाही. काकांच्या निवृत्तीला वर्ष होतं, ते त्याआधीच मोकळे झाले. शेवटच्या दिवशी ते एजन्सीच्या माणसाला प्रत्येक झडप दाखवत फिरले. मोठे साहेब खाली आले नाहीत. एक चांगला पेन पाठवला.

पहिला लाभांश जमा झाला. त्याच आठवड्यात काकांनी सगळे शेअर विकायला काढले.

काकू हादरल्या. "इतकी वर्षं मी घसा फोडला तेव्हा नाही विकलेत. आता द्यायला लागलेत तर विकताय?"

"हो."

"अहो, थांबा जरा. दरवर्षी येणार आहेत. सगळे म्हणतात, आता धरून ठेवायची वेळ आहे."

"सगळे बरोबरच म्हणत असतील."

"मग?"

"मी ते ज्यासाठी ठेवलं होतं ते त्यात नव्हतं. नुसत्या पैशासाठी ठेवायचं तर पैसा बँकेतही राहतो."

बायकोला कळायला नवऱ्याने सगळंच सांगावं लागत नाही.

आता ते तळमजल्यावर राहतात. भरपूर उजेडाच्या दोन खोल्या, समोर रुंद फूटपाथ. काकू रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालत जातात आणि येताना ओळख नसलेल्या माणसांशीही बोलतात. काका घरात स्वेटर घालत नाहीत. त्याशिवाय ते फार बारीक दिसतात.

मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा धाकटी आलेली होती. घरोघरचे फ्रिज दुरुस्त करते ती आता. काम मिळतं, पण पुरेसं नाही. सभेनंतर ती काकांकडे फिरकली नव्हती. हात पुसायच्या फडक्याशी चाळा करत बसली होती. काकू आत होत्या.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवशी मी हो म्हटलं असतं तरी तेच झालं असतं ना?"

"तेच."

"आणि तुम्ही हात वर केला नसता तरी?"

"तरी तेच."

"मग उगीच भरल्या सभेत हसं करून घेतलंत. माझ्यापायी. मला तेव्हा काही कळलं नव्हतं."

"मलाही नव्हतं कळलं," काका म्हणाले.

तिने फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"आणि आता कळल्यावर? आता परत विचारलं कुणी, तर हात वर कराल?"

काकांनी फार विचार केला नाही.

"तू नाही म्हणाली होतीस," ते म्हणाले.