सूतभर डावीकडे

एकगोळे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. कारखान्याच्या हजेरीपटावर दुसरंच नाव आहे आणि बायको त्यांना नुसतं 'अहो' म्हणते. पण रणगाड्याचा खेळ खेळणारं जे तीस-चाळीस जणांचं टोळकं आहे, ज्यातल्या निम्म्यांची तोंडंसुद्धा त्यांनी पाहिलेली नाहीत, त्यात सगळे त्यांना एकगोळेच म्हणतात. का, तर दुसरा गोळा त्यांना लागतच नसे.

हा खेळ म्हणजे पोरासोरांची धडाधडी नव्हे. खऱ्या रणगाड्यात असतं तसं सगळं. इंजिन तापतं, चाकावरचा पट्टा निसटतो, आणि शत्रू दिसायच्या आधी अर्धा तास नुसती झुडपंच दिसतात. एका रणगाड्यात तीन माणसं आपापल्या घरून बसतात. एक हुकूम देणारा, एक हाकणारा, एक तोफेवरचा. हुकूम देणारे म्हणजे एकगोळ्यांचे साडू, विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, दुसऱ्या शहरात राहणारे. हाकणारी, गेली चार वर्षं, त्यांचीच मुलगी, म्हणजे एकगोळ्यांची भाची, दवाखान्यात रक्त तपासते आणि शेजारच्या खोलीतून रणगाडा हाकते. आणि तोफेवर, गेली बारा वर्षं, एकगोळे. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा.

बाकीचे सहा दिवस ते लेथवर उभे. एकतीस वर्षं उभं राहून गुडघ्यांचा भुगा झालाय, उजव्या कानात सतत शिट्टी वाजते. संध्याकाळी घरी आले की बोटं कपाच्या कानाभोवतीही धड वळत नाहीत. सहा दिवसांत सुपरवायझर त्यांना एकच प्रश्न विचारतो, "किती झाले?" आणि ते आकडा सांगतात. रविवारी मात्र साडू दबक्या आवाजात म्हणत, "हां, साडूभाऊ, आता सोडा." त्या क्षणी पलीकडच्या घरातली दोन माणसं एकगोळ्यांच्या एका बोटासाठी श्वास धरून बसलेली असत. एवढंच काय ते त्यांच्या आठवड्यात त्यांचं होतं.

त्यांच्या नेमाचं एक गुपित होतं. जिथे नेम धरावा त्याच्या किंचित उजवीकडे गोळा पडे. हे त्यांनी पहिल्या महिन्यातच हेरलं. जुन्या लेथचंही तसंच असतं. चाकात ढील असते, आकडा एक दाखवतो आणि टूल भलतीकडेच जातं. चांगला टर्नर त्याची बोंब मारत नाही. मशीनचा दोष पोटात घालतो आणि हात तेवढा आधीच वळवतो. एकगोळे दुर्बिणीतली रेघ सूतभर डावीकडे धरू लागले. नवशिक्यांनी विचारलं तर म्हणत, "गोळ्याला स्वतःचा कल असतो बाबा, तो ओळखावा लागतो." टोळक्यात मग 'एकगोळ्यांचं सूत' असा शब्दच पडला.

एके दिवशी साडूंचा फोन आला. "साडूभाऊ, नवीन आवृत्ती आली. जुनीचं दार महिनाअखेर बंद. घ्यावीच लागणार."

"जुनीत काय वाईट होतं?"

"वाईट काही नाही हो. पण गाव उठून गेल्यावर आपण एकट्याने घरात बसून काय करायचं?"

आवृत्ती उतरवायला दोन दिवस लागले. कॉम्प्युटर म्हाताऱ्यासारखा धापा टाकत होता. बायको येता-जाता पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघायची. "गुडघा दाखवायला चला म्हटलं तर तुम्हाला वेळ नाही. रणगाडा बदलायला मात्र दोन दिवस राखणीला बसलाय."

"रणगाड्याचे भाग मिळतात," एकगोळे म्हणाले.

पहिल्या रविवारी त्यांनी अकरा गोळे सोडले. एकही लागला नाही. नवीन आवृत्तीत धूळ उडत होती, तोफ तापून थरथरत होती, सगळं कसं खऱ्याहून खरं. आणि गोळे मात्र शत्रूच्या डाव्या बाजूला मातीत. बाराव्याची वेळच आली नाही. टोळक्यातला कोणीतरी म्हणाला, "एकगोळ्यांचे आता डझनगोळे झाले." सगळे हसले. एकगोळेही हसले, आणि अकरा वाजायच्या आतच हेडफोन काढून ठेवला.

सोमवारी भाचीचा फोन आला. दवाखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत केलेला, मागे भांड्यांचा आवाज.

"काका, तुम्ही बदलांची यादी वाचलीत का?"

"दीडशे कलमं आहेत, बाई. माझा चष्मा हार मानतो."

"त्रेचाळिसावं कलम. तोफेच्या दुर्बिणीत पहिल्यापासून एक चूक होती म्हणे. नेम किंचित उजवीकडे जायचा. ती दुरुस्त केलीय."

"चूक होती?"

"हो ना. त्यांनी माफीपण मागितलीय."

"बारा वर्षं?"

"काका, तुम्ही फक्त सरळ मध्ये धरा. मग लागेल."

फक्त सरळ मध्ये धरा. हे तर काल आलेल्या पोरालाही जमतं. एकगोळ्यांना वाटत होतं की आपल्याला तोफेची नस सापडलीय. आणि नस कसली, कुणा अनोळखी माणसाने आकडा चुकीचा टाकला होता, तोच ते बारा वर्षं निगुतीने सांभाळत बसले होते.

आठवडाभर कामावरून आल्यावर ते तासभर सराव करत. रिकाम्या मैदानात, उभ्या निशाणावर, सरळ मध्ये. लागायचं. पण समोरून काही हललं, साडूंचा आवाज कानात चढला, की हात आपला आपणच सूतभर डावीकडे सरकायचा. हाताला त्रेचाळिसावं कलम वाचता येत नव्हतं. शुक्रवारी मनगट धरलं. शनिवारी ते बसलेच नाहीत.

रविवारी सामना होता. समोर एका बँकेतल्या तिघांचा रणगाडा, नवीन आवृत्ती कोळून प्यायलेला. पावणेनऊला सगळे जमले तेव्हा साडूंनी आडून आडून सुरुवात केली.

"गुडघा कसा आहे?"

"आहे जागेवर."

"आणि मनगट? ही सांगत होती. दुखत असेल तर... नाही म्हणजे... एखादा दिवस आराम..."

"बाबा, सरळ बोला ना," भाचीचा आवाज आला.

"तू गप गं. साडूभाऊ, गैरसमज नको. इतकी वर्षं तुमच्या जिवावर तर—"

एकगोळ्यांना साडूंची कीव आली. विमा विकून जन्म गेला माणसाचा, तरी 'नको' म्हणता येत नाही. "पोरीला तोफेवर बसवा," ते म्हणाले. "मी हाकतो."

"तुम्ही कधी हाकलाय?" साडूंनी विचारलं.

"नाही. पण हाकणाऱ्याने माझे किती गोळे वाया घालवले ते पाठ आहे."

"काका!" भाची ओरडली. ती हसत होती, थोडी रडवेलीही वाटली.

हाकणाऱ्याला दिसायला इनमीन एक फट होती. त्या फटीतून गवत, धूळ आणि आभाळाचा तुकडा. शत्रू कुठे, तोफ कुठे वळलीय, काही कळेना. कानात साडू, डावीकडे घ्या, उतारावर घ्या. एकगोळे मुकाट घेत गेले. दोनदा खड्ड्यात घातलं, एकदा झाडाला भिडवलं. मग साडूंचा आवाज एकदम खाली आला. "दिसला. थांबवा."

भाची ब्रेक दाबायची तेव्हा गाडी पुढे-मागे डुलायची आणि तोफेची रेघ शत्रूवरून नाचत राहायची, हे एकगोळ्यांनी चार वर्षं भोगलं होतं. कधी बोलले नव्हते. त्यांनी ब्रेक लगेच दाबला नाही. वेग सोडला, शेवटचं हातभर अंतर गाडीला आपसूक सरकू दिलं, आणि मग ब्रेकवर बोट असं टेकवलं की जणू खाली कोणी झोपलंय.

गाडी डुलली नाही.

"लागला!" भाची किंचाळली. "बाबा, पहिलाच!"

"शाब्बास पोरी! अगं, काय नेम आहे!"

एकगोळे फटीतून गवताकडे बघत राहिले. त्यांना तो गोळा दिसलाही नव्हता. साडूंचं कौतुक चालूच होतं. त्याखालून भाचीचा हळू आवाज आला, "काका, पुढच्या वेळीही असंच थांबवाल?"

"बरं," ते म्हणाले.

पण एका गोळ्याने बँकवाले संपले नव्हते; पुढची वेळ यायच्या आधीच त्यांनी मागून येऊन उडवलं. अकराच्या आत सगळं आटोपलं. हेडफोन काढला तर बायको दारात उभी.

"जिंकलात?"

"हरलो. एकदा लागला."

"तुम्ही मारलात?"

"भाचीने."

"मग तुम्ही काय केलंत?"

एकगोळ्यांनी विचार केला. "गाडी थांबवली."

"बरं झालं. आता उठा, नळाखालची बादली केव्हाची भरून वाहतेय."

ते टेबलाला हात टेकून उठले. एकदा नाही जमलं, दुसऱ्यांदा उठले.