दोन्हीकडून दिसणारा पडदा

मुश्ताकभाई गेल्याचं मला कुणा माणसाने सांगितलं नाही, फ्लेक्सने सांगितलं. बहिणीकडे साताऱ्याला आठ दिवस राहून मी परतत होते. मोबाइल तिथे पाण्यात पडून बंद झालेला, त्यामुळे कुणाचा फोन आला असेल तर मला कळायला मार्ग नव्हता. भिवंडीत धामणकर नाक्यावर नेहमीप्रमाणे पाऊण तास धूर खाऊन रिक्षा टेमघरच्या मैदानाशी वळली आणि समोर ते दिसलं. वर आमच्या माजी नगरसेवकांचा हात जोडलेला, भल्यामोठ्या आकाराचा फोटो. खाली कोपऱ्यात मुश्ताकभाई, आधार कार्डावरच्या फोटोत असतात तसे घाबरल्यासारखे. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. रिक्षावाला म्हणाला, “चार दिन हुए, मॅडम. हार्ट अटॅक. सुबह लूम चालू करने गए थे.” मला रडू आलं नाही. राग आला. आज सहा आठवडे झाले, तो राग अजून उतरलेला नाही. कारण तो फ्लेक्स ज्या दोन लोखंडी पाइपांना बांधला होता, ते पाइप मुश्ताकभाईंनी स्वतः खड्डे खणून रोवले होते, आणि तेच उपटून टाकावेत म्हणून या हात जोडणाऱ्या गृहस्थांनी वर्षभर जिवाचं रान केलं होतं.

मुश्ताकभाईंचा बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, छोटा कारखाना. घराणं मूळचं कोकणातलं, पण तीन पिढ्या भिवंडीत गेलेल्या. बायको लग्नानंतर दोनच वर्षांत वारली, पुन्हा लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीबरोबर, फातिमाआपांबरोबर राहायचे. मी इथल्या मराठी शाळेत शिकवायला आले तेव्हा गावाने नुकतेच फार वाईट दिवस पाहिले होते. देवळाकडची गल्ली आणि मशिदीकडची गल्ली यांच्या मध्ये हे मैदान, आणि ते ओलांडून कुणी इकडून तिकडे जात नव्हतं. शुक्रवारी लूम बंद. खडखडाट थांबला की हे गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटतं, आणि त्या शांततेत माणसं एकमेकांबद्दल नाही नाही ते बोलतात, असं मुश्ताकभाईंचं म्हणणं. म्हणून पाऊस संपला, चिखलाची धूळ झाली, आश्विनातलं आभाळ स्वच्छ झालं की दर शुक्रवारी दिवेलागणीनंतर त्यांनी मैदानात सिनेमा दाखवायला सुरुवात केली. पडदा स्वतःच्या लूमवरच्या मांजरपाटाचा. लूमचा पन्हा तो केवढासा! चार पट्टे एकाला एक शिवून पडदा व्हायचा, म्हणजे हिरॉइनच्या नाकावरून कायम एक शिवण गेलेली.

पण खरी गंमत पडद्याच्या जागेत होती. त्यांनी तो मैदानाच्या टोकाला लावला नाही, दोन पाइप रोवून बरोबर मधोमध लावला. मांजरपाट पातळ, चित्र आरपार दिसतं. देवळाकडची गल्ली एका बाजूला बसली, मशिदीकडची दुसऱ्या. पुढे कोण बसणार, मागे कोण, हा तंटाच नको. या शुक्रवारी प्रोजेक्टर इकडून, पुढच्या शुक्रवारी तिकडून. ज्यांच्या वाट्याला उलटी बाजू यायची त्यांना हिरो डावखुरा दिसायचा, नावं उलटी दिसायची, खलनायक दाराच्या भलत्याच बाजूने आत यायचा. एका सिनेमात बापाने मुलाच्या थोबाडीत उजव्या हाताने दिली की डाव्या, यावर टेमघरात दोन वर्षं वाद चालला होता. पण तो वाद घालायला लोकांना मैदान ओलांडून समोरच्या गल्लीत जावं लागलं, आणि एकदा गेल्यावर चहाही प्यावा लागला.

पहिल्याच वर्षी मी मास्तरणीच्या बाण्याने त्यांना म्हटलं होतं, “भाई, अर्ध्या लोकांना तुम्ही दर वेळी चुकीचा सिनेमा दाखवता.” ते तेव्हा कारखान्यात टेबलावर कापड उजेडात धरून दोष तपासत होते. ताग्यावरची नजर न काढता म्हणाले, “बाई, मांजरपाटाला सुलटं-उलटं न्हाय. साधी वीण हाय. ती बाजू आपण ठरवतो.”

आता जे लिहायचं ते लिहून टाकते. साठीला आले, आता कुणाची भीती? माझं त्यांच्यावर प्रेम होतं. त्यांना मी ‘भाई’ म्हणायचे, कारण या गावात माझ्यासारख्या एकट्या बाईला त्यांच्यासारख्या माणसाला हाक मारायला तेवढीच वाट मोकळी होती. ती वाट मीच धरली आणि तीस वर्षं सोडली नाही, म्हणून माझा माझ्यावरही राग आहे. कुणी आम्हाला अडवलं असं मी म्हणणार नाही. अडवण्यापर्यंत आम्ही जाऊच दिलं नाही. ते शनिवारी शाळेत यायचे, फळ्यावर मी पुढच्या सिनेमाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचे, ते फळा उचलून न्यायचे. बस्स. मी माझी खुर्ची नेहमी सुलट्या बाजूला टाकायचे. उलटी अक्षरं पाहिली की मला मास्तरणीला मळमळतं. ते कायम उलट्या बाजूला, पडद्यापलीकडे. “एकदा इकडून बघा ना, बाई,” असं दर वर्षी एकदा म्हणायचे. मी दर वर्षी नाक मुरडायचे. बोलणाऱ्या पोरांना गप्प करायला मी मधूनच उठायचे तेव्हा माझा अंबाडा प्रोजेक्टरच्या उजेडात यायचा आणि दोन्ही गल्ल्या एकमुखाने ओरडायच्या, “खाली बसा!” दुसऱ्या दिवशी फळा न्यायला आले की ते म्हणायचे, “काल पिक्चरमध्ये तुमचं पण काम होतं.” मला वाटायचं, टिंगल करतात…

गेल्या वर्षी निवडणुकीचे वारे वाहू लागले आणि माजी नगरसेवक साहेबांना एकाएकी सिनेमाची काळजी वाटू लागली. लोकांनी एकाच बाजूला बसावं, बाजू कुठली ते ‘आपली माणसं’ ठरवतील. अशी त्यांची सूचना. वर, “ते मधले पाइप उपटून टाका, आपण एलईडी लावू, एकदम मल्टिप्लेक्स!” रस्त्यावरचा एक खड्डा ज्याला पाच वर्षांत बुजवता आला नाही, तो मल्टिप्लेक्स काढायला निघाला. मुश्ताकभाईंनी नम्रपणे नाही म्हटलं, आणि त्या वर्षी महापालिकेची परवानगी मिळाली नाही, साहेबांनी अडवली. यंदा भाद्रपदात मी विचारलं तर म्हणाले, “राहू द्या, बाई. बघू पुढल्या साली.” माझा पारा चढला. “सरळ सांगा ना, घाबरलात म्हणून,” मी म्हटलं. ते हातातला मागाचा धोटा उगीच पुसत राहिले. मी उठून निघून आले, पुढचे तीन आठवडे तिकडे फिरकले नाही, आणि चौथ्या आठवड्यात बहिणीकडे गेले. आमचं शेवटचं बोलणं ते.

फ्लेक्स पाहिल्यावर मी तशीच बॅग घेऊन आपांकडे गेले. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “तो रोज जात व्हता वो कचेरीत, बाई. उन्हातान्हात, छातीत कळ यायची तरी. तुम्हाला सांगू नको म्हणाला. परवानगी हातात आली की मगच सांगतो, म्हणे.” मग त्यांनी परत आलेला अर्ज दाखवला. वर शेरा होता, ‘बैठक व्यवस्थेचा नकाशा जोडावा’. नकाशाही होता. फूटपट्टी लावून काढलेला. मध्ये एक रेघ, पडद्याची. दोन्हीकडे माणसांसाठी टिंबं. रेघेच्या अलीकडे एक चौकोन, शेजारी ‘बाई’. रेघेच्या पलीकडे, नेमका समोर, दुसरा चौकोन. त्याच्या शेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं. ज्या माणसाला मी भित्रा म्हटलं, तो ऑक्टोबरच्या उन्हात छातीतली कळ दाबून खिडकी नंबर तीन ते खिडकी नंबर सात करत होता, आणि सरकारी कागदावर माझी खुर्ची मांडून देत होता. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? या गप्प बसण्याचा राग मी कुणावर काढू?

त्यांना जिवंतपणी जी परवानगी दोन वर्षांत मिळाली नाही, ती मेल्यावर एका दिवसात मिळाली. माजी साहेबांनी ‘श्रद्धांजली चित्रपट’ जाहीर केला. दसऱ्यानंतरचा शुक्रवार, भला मोठा एलईडी, सगळ्यांनी देवळाच्या बाजूला बसायचं. संध्याकाळी मैदान भरलं. मशिदीकडचे लोक आले, पण सवयीने आपल्याच बाजूला बसले. आणि एलईडीचा टेम्पो? तो धामणकर नाक्यावर अडकला. तासभर साहेब फोनवर ओरडत होते. ज्या नाक्यावर आम्ही उभं आयुष्य अडकून काढलं, तो नाका त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बाजूने उभा राहिला.

लोक कंटाळून उठायला लागले तेव्हा मुश्ताकभाईंचा जुना लूम कामगार रामआसरे त्यांचा प्रोजेक्टर घेऊन आला. म्हणाला, “मैडम, फ्लेक्स उल्टा कर देते हैं. पीछे एकदम सफेद है, सिलाई भी नहीं.” साहेबांचा चेहरा उजळला. मी फ्लेक्सच्या मागच्या बाजूला गेले आणि परत आले. “फ्लेक्सच्या आरपार दिसत नाही,” मी म्हटलं. “पलीकडच्या लोकांनी तीन तास काय बघायचं, साहेबांचं थोबाड?” शाळेत तीस वर्षं कमावलेला आवाज, तो दोन्ही गल्ल्यांत पोचला. कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, “मॅडम, जरा भाषा…” मी म्हटलं, “भाषा मीच शिकवते. शिडी धरा.” आणि त्यांनी खरंच धरली, कारण सगळे बघत होते. दोऱ्या मी कापल्या. तोपर्यंत आपा मांजरपाट घेऊन आल्या होत्या, चार पट्ट्यांचा, तीन शिवणींचा, मधल्या शिवणीवर चहाचा डाग असलेला.

सिनेमा सुरू झाला. रामआसरेने माझी खुर्ची नेहमीच्या जागी ठेवली होती. मी तिच्यात बसले नाही. नकाशातल्या त्या बिननावाच्या चौकोनात जाऊन बसले. नावं उलटी आली. हिरोने डाव्या हाताने दार उघडलं. मळमळलं नाही. थोड्या वेळाने पलीकडे पोरं बोलू लागली आणि त्यांना दटावायला एक बाई उठली. आमच्याच शाळेतली नवी मास्तरीण असावी. तिची सावली पडद्यावर आली. तेव्हा मला कळलं, इथून कसं दिसतं ते. सगळा सिनेमा उलटा होता आणि सावली तेवढी स्पष्ट, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. केसांची सुटलेली बटसुद्धा दिसत होती. दोन्ही गल्ल्या ओरडल्या, “खाली बसा!”

तीस वर्षं मी तो ओरडा ऐकला. त्यात पडद्यापलीकडचा एक आवाज कधीच नव्हता, हे मला त्या चौकोनात बसल्यावर कळलं. मीही ओरडले नाही.