गाळलेलं तिसरं कडवं

अहिल्याकाकूंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एप्रिलमध्ये विलासकाका जर्मनीतल्या गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाले, कोथरूडचा फ्लॅट तयार झाला, कायमचं पुण्याला परतायची ऑगस्टची दोन तिकिटं आली. काकूंना कुणी विचारलंच नाही. विचारायचं असतं, हेच काकांच्या गावी नव्हतं! मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते, पीएचडी करते. खाली दिवसभर कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज यायचे. अठ्ठावीस वर्षं इथे र्युसेल्सहाइममध्ये काढलेल्या बाईला एक बॅग भरता येत नव्हती. त्यांना जायचं नाही, हे मला कळत होतं. नवऱ्याला सांगायचं धाडस मात्र त्यांना होत नव्हतं.

त्यातच बुधवारच्या गानवृंदात गाणी बसवणाऱ्या बाईंनी त्यांना एक पोर्तुगीज प्रेमगीत दिलं, तेही एकटीने म्हणायला. काकूंनी भजनी मंडळाच्या शिस्तीने ते वहीत देवनागरीत उतरवलं. पण अर्थ कळल्याशिवाय गाणं गळ्यात बसत नाही, हा त्यांचा हट्ट. मग वही घेऊन त्या शेजारच्या फातिमाकडे गेल्या. ती मूळची पोर्तुगालची. मलाही ओढून नेलं.

काकू वहीतून वाचत गेल्या, फातिमाने जर्मनमधून समजावलं. प्रियकर बोटीवर गेलाय. त्याचा ओला कोट हातात धरून ती किनाऱ्यावर उभी आहे. मीठ वाळून कोट कडक झालाय, हात अवघडलेत, तरी ती तो खाली ठेवत नाही.

"गेनाऊ, अगदी अस्संच," काकू पुटपुटल्या. "पुढे?"

"पुढचं कडवं तुमच्या वहीत नाहीच. वेळेसाठी गाळलेलं दिसतंय. त्यात ती तो कोट अंगात घालते. घरी जाते, चूल पेटवते. म्हणते, दाराला कडी नाही, ये. पण किनाऱ्यावर आता मी सापडायची नाही."

काकू ताडकन उठल्या, पेन मागितलं आणि उभ्याउभ्याच तिच्याकडून ते कडवं पोर्तुगीजमधून लिहून घेतलं. पुढचे तीन आठवडे त्या तेवढंच गुणगुणत होत्या. भाजी दोनदा करपली. मला त्यांची काळजी वाटायची आणि काकांचा राग यायचा.

रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. दोन कडवी संपली, बाईंनी हात खाली केले, पियानो थांबला. काकू थांबल्या नाहीत. तिसरं कडवं त्यांनी पियानोशिवाय शेवटपर्यंत म्हटलं. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या काकांनी. मला हसावं की रडावं कळेना.

आम्ही तिघं गाडीत बसल्यावर काका खुशीत म्हणाले, "काय सुरेख म्हटलंस गं! अर्थ काय त्याचा?"

काकूंनी सांगितला. कोट, मीठ, चूल, कडी. काही म्हणता काही गाळलं नाही.

काकांनी लावलेली चावी काढून हातात घेतली. म्हणाले, "तुला इथेच राहायचंय का?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, एवढं तुम्ही विचारावं म्हणून मला पोर्तुगीज शिकावं लागलं."